घाटाची निवड : चिमाजीआप्पा आणि माळव्याची वाट

गोमंतकीय वाचकाला चिमाजीआप्पा हे नाव प्रथम आठवते ते वसईच्या संदर्भात. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा कोट पडला आणि पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील प्रांताचा जवळजवळ शेवट झाला, ही घटना गोव्याच्या इतिहासाशीही घट्ट जोडलेली आहे. परंतु वसईच्या दहा वर्षे आधी, जेमतेम विशी ओलांडलेल्या या तरुणाने आपल्या कर्तृत्वाची पहिली ओळख करून दिली ती समुद्रापासून फार दूर, नर्मदेपलीकडे, विंध्याच्या घाटांत. आज ज्या भागाला आपण धार आणि देवास म्हणून ओळखतो, तेथे मराठी सत्तेचा पाया घातला गेला तो एका घाटाच्या निवडीतून. ती निवड कशी झाली, तिच्यामागे कोणाचे ज्ञान होते आणि पुढे त्या माणसांच्या वाट्याला काय आले, हे पाहिले म्हणजे चिमाजीआप्पांच्या अल्पायुषी चरित्राचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

श्रीवर्धनहून देशावर

बाळाजी विश्वनाथ भट हे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. सिद्दीच्या जाचामुळे या घराण्याला घर सोडून घाट चढावा लागला. पुढे बाळाजीपंत १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले. १७०० मध्ये जन्मलेले बाजीराव हे थोरले पुत्र आणि त्यांच्याहून सुमारे सात वर्षांनी धाकटे चिमाजी. १७२० च्या एप्रिलमध्ये बाळाजीपंतांचे निधन झाले आणि एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. त्या वेळी चिमाजी केवळ बारा-तेरा वर्षांचे होते. राधाबाईंसारखी करारी आई आणि धडाडीचा थोरला भाऊ यांच्या छायेत त्यांची जडणघडण झाली.

दोघा भावांच्या प्रकृतीत मोठे अंतर होते. बाजीराव उंच, बळकट, घोड्यावर दिवसच्या दिवस काढणारे. चिमाजीआप्पांना छातीच्या विकाराने तरुणपणापासून गाठले होते आणि तो त्यांच्या जिवाला लागून राहिला. स्वभावानेही ते सबुरीचे. हिशेब, पत्रव्यवहार, रसदेची तरतूद, सरदारांची मनधरणी, कर्जाची फेड आणि सातारा दरबारातील नाजूक संबंध सांभाळणे ही कामे हळूहळू त्यांच्याकडे आली. म्हणून चिमाजीआप्पा हे घरी राहून कारभार पाहणारे धाकटे बंधू, अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली. ती पूर्ण खोटी नाही, पण अपुरी आहे. रसदेचा आणि अंतराचा हिशेब ज्याला कळतो, त्यालाच मोहिमेची वाटही आखता येते.

दोन भावांच्या दोन वाटा

१७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडजवळ बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडले आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. दक्षिणेकडील धोका काही काळापुरता टळला. आता उत्तरेकडे हात पसरण्यास मोकळीक मिळाली होती. माळवा हा दख्खन आणि दिल्ली यांच्या मधला दुवा. काळी कसदार जमीन, उज्जैनसारखी पेठ, गुजरात, राजस्थान आणि बुंदेलखंड या तिन्ही दिशांना जाणारे रस्ते. माळवा ज्याच्या हाती, त्याला दिल्लीचे दार जवळ.

त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर दोघे भाऊ दोन वाटांनी निघाले. बाजीरावांनी वऱ्हाडाकडून, चांदा-देवगडच्या बाजूने बुंदेलखंडाच्या रोखाने जावे आणि चिमाजीआप्पांनी खानदेशातून नर्मदा ओलांडून थेट माळव्यात शिरावे, अशी योजना होती. दोन फौजा इतक्या दूर अंतरावरून चालत असताना शत्रूला दोन्हीकडे सारखेच लक्ष देणे अशक्य होते. दोघा बंधूंमध्ये पत्रे जात-येत राहिली आणि परस्परांच्या हालचाली एकमेकांना कळत राहिल्या. तथापि नर्मदेपलीकडचे निर्णय चिमाजीआप्पांनाच घ्यावयाचे होते. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आणि उदाजी पवार हे सरदार या स्वारीशी निगडित होते. वयाने आणि अनुभवाने ते मोठे होते. सेनापतिपद मात्र तरुण आप्पांकडे होते.

विंध्याची भिंत

नकाशावर विंध्य ही एक डोंगररांग दिसते. निमाडातून, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातून पाहिले तर ती एक भिंत वाटते. नदीकाठची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर उंचीवर, तर कड्यावर वसलेला मांडू सहाशे मीटरांच्याही वर. मध्ये सागाचे रान, कोरड्या नाल्यांचे जाळे, एकाएकी उठणारे काळे कातळ. वर पोहोचल्यावर मात्र पठार सपाट, मोकळे आणि पिकाऊ. मांडूच्या दक्षिण टोकाला रूपमती मंडप आहे. तेथे उभे राहिले की पायाखाली कडा तुटलेला दिसतो आणि निमाडाचा विस्तार पसरलेला दिसतो. हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघही दिसते. वरून खाली पाहणाऱ्याला ते दृश्य रम्य वाटते. खालून वर फौज चढविणाऱ्याला तेच दृश्य काळजीत टाकणारे.

ही रचना कोकणातून आलेल्या माणसाला अनोळखी नव्हती. कोकण, घाट आणि देश हा जो क्रम सह्याद्रीत आहे, तोच निमाड, घाट आणि माळवा असा येथे आहे. फरक एवढाच की सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तुटतो आणि विंध्याचा दक्षिणेला. खडकही त्याच जातीचा, दख्खनच्या लाव्हारसाचा. चोर्ला, अनमोड किंवा रामघाटाच्या वाटा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या गोमंतकीयांना हे वेगळे समजावून सांगायला नको. घाट म्हणजे नुसती चढण नव्हे. डोंगराने माणसाला दिलेली ती परवानगी असते, आणि ती कोठे आहे हे आधी शोधावे लागते.

आल्प्ससारख्या हिमप्रदेशात अवघड शिखरांच्या वाटा आखणारे गिर्यारोहक आज जो विचार करतात, तो मूलतः हाच आहे. चढाईला निघण्यापूर्वी कित्येक दिवस ते डोंगराचा अभ्यास करतात. कोणत्या महिन्यात कोणती बाजू सुरक्षित, कोणत्या घळीतून दगड आणि हिम कोसळते, पाणी आणि शिधा किती लागेल, मुक्काम कोठे करावा, आणि हवामान फिरले तर परतावे कसे, याचा हिशेब आधी मांडला जातो. पायथ्याहून सर्वांत सोपी दिसणारी घळ बहुधा दगड-हिम घसरण्याचीही वाट असते. तिच्याऐवजी शेजारची अवघड धार निवडणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. ख्रिस्तपूर्व २१८ मध्ये हॅनिबलने आफ्रिकेतून आणलेल्या हत्तींसह आल्प्स ओलांडला, तेव्हा रोमनांनी त्या बाजूने धोका अपेक्षिला नव्हता. तो नेमक्या कोणत्या खिंडीतून उतरला, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. विंध्यात बर्फ नाही आणि त्याची उंचीही आल्प्सच्या मानाने किरकोळ. पण येथे डोंगराच्या माथ्यावर शत्रू दबा धरून बसलेला होता. सोपी वाट कोणती, हे त्यालाही ठाऊक होते.

वाट जाणणारा माणूस

माळव्याचे सुभेदार गिरिधर बहादुर हे नागर ब्राह्मण, अलाहाबादचे सुभेदार छबिलेराम यांचे पुतणे. कर्तबगार, निष्ठावंत आणि मराठ्यांना एक पैसाही न देण्याच्या निर्धाराचे. त्यांचे चुलतभाऊ दयाबहादुर त्यांच्या सोबत होते. मराठे येत आहेत हे त्यांना कळले होते आणि ते गाफील नव्हते. त्यांनी धारच्या पश्चिमेस अमझेऱ्याजवळ तळ दिला. मराठी घोडदळ त्या बाजूच्या घाटाने वर येईल, असा त्यांचा अंदाज होता आणि त्यानुसार त्यांनी तोंड बांधून ठेवले होते. अंदाज तर्काला धरून होता, आणि नेमकी तीच त्याची उणीव होती.

येथे उदाजी पवारांचे महत्त्व कळते. पवार घराण्याचा माळव्याशी संबंध जुना. धारच्या परमार राजांशी, भोजराजाशी आपले नाते हे घराणे सांगत असे. उदाजी स्वतः अनेक वर्षे नर्मदेपलीकडे स्वाऱ्या करीत होते. मराठ्यांनी नर्मदा ओलांडण्याची सुरुवात त्यापूर्वीच, १६९९ च्या सुमारास कृष्णा सावंतांच्या स्वारीने झाली होती. त्यानंतर अशा अनेक टोळ्या आल्या, खंडणी घेऊन गेल्या. अशा स्वाऱ्यांतून पैसा किती मिळाला यापेक्षा मोलाचे ज्ञान मिळाले. नर्मदेला उतार कोठे, कोणत्या गावात वैरण मिळते, कोणता जमीनदार सुभ्याच्या वसुलीला कंटाळला आहे, मांडूच्या आसपास कोणत्या पायवाटेने घोडा चढतो आणि कोणत्या वाटेने चढत नाही. असा नकाशा कागदावर नव्हता. तो उदाजींसारख्यांच्या आणि त्यांच्या स्वारांच्या डोक्यात होता.

चिमाजीआप्पांपुढील पेच असा होता की सेनापती ते असले तरी डोंगराचे ज्ञान दुसऱ्याकडे होते. बाजीरावांनी आपल्या कारकिर्दीच्या आरंभापासून उदाजींना माळव्यातील वसुलीचे अधिकार देऊन जवळ ठेवले होते. तरी उदाजी मानी होते आणि पेशव्यांचा वरचष्मा त्यांना पूर्णपणे मानवत नव्हता. अशा सरदाराच्या सांगण्यावर संपूर्ण फौज एका घाटात घालणे ही जोखीम होती. अरुंद चढणीवर घोडदळ सापडले तर ना पसरता येते, ना परतता येते. ती जोखीम आप्पांनी उचलली, यातच त्यांच्या विचारशक्तीची परीक्षा झाली.

अमझेऱ्याचा दिवस

नोव्हेंबरचा अखेरचा आठवडा निवडला गेला, त्यालाही अर्थ होता. पावसाळा संपून नद्यांचा पूर ओसरलेला. घाटातील ओहोळांना अजून पाणी. खरिपाचे पीक निघाल्याने माणसाला दाणा आणि घोड्याला कडबा मिळण्याजोगा. दिवस लहान पण हवा थंड, त्यामुळे चढणीवर जनावर लवकर थकत नाही. मराठी फौजेजवळ जड तोफा नव्हत्या, बाजारबुणगे कमी होते. ज्या वाटेने मोगली तोफखाना कधीच गेला नसता, त्या वाटेने हे घोडदळ जाऊ शकत होते. गिरिधर बहादुरांचा अंदाज चुकला तो येथे. त्यांनी शत्रूची वाट ठरविताना नकळत स्वतःच्या फौजेचा विचार केला असावा.

चिमाजीआप्पांनी नर्मदा ओलांडली आणि अमझेऱ्याचा घाट सोडून मांडूच्या बाजूने वर चढण्याचे ठरविले. पठारावर पोहोचताच फौज न थांबता पश्चिमेकडे वळली. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याजवळ लढाई झाली. ज्या दिशेने शत्रू येणार म्हणून सुभेदारांनी तयारी केली होती, त्या दिशेने तो आलाच नाही. तो आला पाठीमागून, पठारावरून, सपाट जमिनीवर घोडा दौडवीत. तयार मोर्चांचा उपयोग राहिला नाही. लढाई निकराची झाली, पण फार काळ चालली नाही. गिरिधर बहादुर आणि दयाबहादुर दोघेही रणात पडले. सुभ्याचा तळ, हत्ती, घोडे आणि सामान मराठ्यांच्या हाती आले.

एका दिवसात मोगल साम्राज्याच्या एका मोठ्या सुभ्याचा सुभेदार नाहीसा झाला. बाजीराव तेव्हा वऱ्हाडाच्या बाजूला होते. धाकट्या भावाने स्वतःच्या जबाबदारीवर मिळविलेला हा पहिला मोठा विजय. पुढे चारच महिन्यांनी बाजीरावांनी बुंदेलखंडात जाऊन छत्रसाल राजांना महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून सोडविले. ती कथा घरोघर सांगितली जाते. अमझेऱ्याची कथा तितकी सांगितली जात नाही. विजय घाटात ठरला आणि रणात केवळ जाहीर झाला, अशा लढाईचे वर्णन रंगवून सांगणे कठीण असते.

उज्जैनचा धडा

या यशानंतर चिमाजीआप्पा उज्जैनकडे वळले. डिसेंबर महिन्यात शहराला वेढा पडला. सुभेदार मारला गेला असला तरी त्यांच्या मागे राहिलेल्यांनी शहर नेटाने लढविले. आप्पांच्या फौजेत तटबंदी फोडण्याची साधने नव्हती. पैशाची चणचण होती, सैनिकांचा पगार थकत होता, आणि थोरल्या भावाला कर्जाची चिंता जाळत होती. कित्येक आठवडे थांबूनही उज्जैन हाती आले नाही. अखेर वेढा उठवून त्यांनी आसपासच्या मुलखातून खंडणी गोळा केली आणि परतीची वाट धरली.

चरित्रकार अनेकदा हे अपयश ओझरते सांगून पुढे जातात. वस्तुतः ते महत्त्वाचे आहे. जी हलकी फौज अवघड घाट सहज चढली, तीच फौज भिंतीपुढे निरुपयोगी ठरली. डोंगराची वाट आणि किल्ल्याची वाट या दोन वेगळ्या विद्या आहेत. दहा वर्षांनी वसईपुढे ज्या चिकाटीने चिमाजीआप्पांनी मोर्चे आणि सुरुंग चालविले, ते पाहता उज्जैनचे ते आठवडे ते विसरले नसावेत, असे म्हणावेसे वाटते.

धार आणि देवास

घाट उघडला, पण तो ज्याच्या माहितीने उघडला त्या उदाजींना त्याचे फळ लाभले नाही. १७३१ च्या एप्रिलमध्ये गुजरातेत डभईजवळ बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात लढाई झाली. उदाजी पवार दाभाड्यांच्या बाजूने उभे राहिले. दाभाडे मारले गेले, उदाजी पकडले गेले. त्यानंतर पेशव्यांचा त्यांच्यावरील विश्वास उडाला आणि घराण्याची सरदारी त्यांचे बंधू आनंदराव यांच्याकडे गेली. १७३२ मध्ये माळव्याची वाटणी होळकर, शिंदे आणि पवार यांच्यात झाली, तेव्हा धारचे संस्थान आनंदरावांच्या नावाने उभे राहिले. पवारांच्याच भाऊबंदांपैकी तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या वंशात देवास गेले. तेथे एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा दोन पाती, दोन राजे, दोन कारभार अशी विलक्षण व्यवस्था दोन शतके चालली. १९४८ मध्ये ही सर्व संस्थाने मध्यभारतात विलीन झाली.

मल्हारराव, राणोजी आणि पवार यांच्या घराण्यांनी माळव्यात मराठी भाषा, मराठी देव्हारा आणि मराठी दप्तर नेले. इंदूर, उज्जैन, धार आणि देवास येथील मराठी घरे आज तिसऱ्या शतकात आहेत. देवासच्या चामुंडा टेकडीखाली कुमार गंधर्वांनी आपले घर केले आणि माळव्याची लोकधून मराठी कानांपर्यंत पोहोचविली, ही अलीकडची गोष्ट. त्या सर्व वस्तीचा आरंभ शोधत गेलो तर आपण एका घाटापाशी येऊन थांबतो.

ठाण्यापासून वसईपर्यंत

१७३० च्या ऑगस्टमध्ये चिमाजीआप्पांना पुत्र झाला, तोच पुढचा सदाशिवरावभाऊ. त्याच महिन्यात पत्नी रखमाबाई निवर्तल्या. आईविना राहिलेल्या या मुलाचे संगोपन आजी राधाबाईंच्या देखरेखीखाली झाले. पुढच्या वर्षी आप्पांचा अन्नपूर्णाबाईंशी विवाह झाला. आजार वाढत होता, तरी कामे थांबली नाहीत. १७३६ च्या एप्रिलमध्ये रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. ज्या सिद्दीमुळे भट घराण्याला श्रीवर्धन सोडावे लागले होते, त्याच्या सत्तेला बसलेला हा जबर तडाखा होता.

त्यानंतर पोर्तुगिजांच्या उत्तर कोकणातील मुलखाकडे लक्ष वळले. १७३७ च्या मार्चमध्ये ठाण्याचा कोट आणि साष्टी बेट घेतले गेले. येथेही अमझेऱ्याचीच पद्धत दिसते. अंजूरच्या गंगाजी नाईक आणि त्यांच्या बंधूंना खाडीचे उतार, भरती-ओहोटीच्या वेळा आणि पहाऱ्यातील उणिवा ठाऊक होत्या. पोर्तुगीज अंमलातील धार्मिक जाचाने ते पोळलेले होते आणि कित्येक वर्षे पुण्याकडे दाद मागत होते. माळव्यात उदाजी, ठाण्यात अंजूरकर. मुलूख जाणणाऱ्या माणसाला विचारायचे, त्याचे बोलणे पारखायचे आणि मग पूर्ण विश्वासाने त्या वाटेवर पाऊल टाकायचे, हा आप्पांचा शिरस्ता.

१७३९ च्या आरंभी मोहिमेचा विस्तार मोठा झाला. गोव्याहून वसईला कुमक जाऊ नये म्हणून व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजेने गोव्यातील साष्टीवर स्वारी केली. मडगाव मराठ्यांच्या ताब्यात गेले आणि राशोलच्या कोटाला वेढा पडला. गोव्यातील पोर्तुगीज सरकारला स्वतःच्या दाराशी शत्रू दिसत असता वसईकडे पुरेसे सैन्य पाठविणे शक्य झाले नाही. १७२८ मध्ये दोघा भावांनी दोन वाटांनी जाऊन जे साधले होते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडले. गोव्याच्या इतिहासात ही स्वारी स्वतंत्र प्रकरण म्हणून वाचली जाते; आप्पांच्या आखणीत तिचा हेतू वसईचा रस्ता बंद करणे हा होता.

फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. दलदल, खाडी आणि भक्कम बुरूज यांच्यापुढे हजारो माणसे कामी आली. मे महिन्याच्या मध्यास सुरुंगांनी तटाला खिंडार पडले, निकराची हातघाई झाली आणि १६ मे रोजी शरणागतीचा करार झाला. हरलेल्या शिबंदीला शस्त्रे आणि सामान घेऊन सन्मानाने जाऊ दिले गेले, राहू इच्छिणाऱ्यांना त्यांचा धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. इतके रक्त सांडल्यावरही विजेत्याने सूडाची वाट धरली नाही. चिमाजीआप्पांच्या स्वभावाचा हा सर्वांत लखलखीत पुरावा म्हणावा लागेल.

अखेरचे वर्ष

त्याच स्वभावाच्या माणसाला घरात मात्र कठोर व्हावे लागले. मस्तानीच्या प्रश्नावरून कुटुंबात तेढ वाढली होती. १७३९ च्या अखेरीपासून आप्पा आणि बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांनी मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवले. कुळाचार, मातोश्रींची इच्छा आणि भावाचे सुख यांच्या कात्रीत ते सापडले होते. येथे त्यांना सुरक्षित वाट सापडली नाही; कदाचित ती नव्हतीच. १७४० च्या आरंभी दोघे भाऊ नासिरजंगाविरुद्ध एकत्र लढले आणि तहानंतर बाजीराव नव्याने मिळालेल्या निमाडच्या मुलखाकडे गेले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या दक्षिण तीरावर रावेरखेडी येथे तापाने त्यांचा अंत झाला. बारा वर्षांपूर्वी जी नदी ओलांडून धाकट्या भावाने माळव्याचे दार उघडले होते, तिच्याच काठी थोरल्याची चिता पेटली.

चिमाजीआप्पांनी शोक आवरून सातारा दरबारात नानासाहेबांची बाजू सांभाळली आणि त्यांना पेशवेपद मिळवून दिले. पण शरीर आता साथ देत नव्हते. १७ डिसेंबर १७४० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे तेहतीस-चौतीस. अन्नपूर्णाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. मुठेकाठच्या ओंकारेश्वराच्या आवारात त्यांची समाधी आहे.

त्या वेळी सदाशिवराव दहा वर्षांचे होते. त्यांनी वडिलांचा हिशेबी कारभार उचलला, बुद्धीही तशीच तीक्ष्ण होती. परंतु वडिलांबरोबर एकही मोहीम करण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. वीस वर्षांनी ते प्रचंड तोफखाना, बुणगे आणि यात्रेकरूंसह उत्तरेकडे गेले. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दालीने अनपेक्षितपणे यमुना ओलांडली आणि दिल्लीकडे परतण्याचा रस्ता बंद झाला. अमझेऱ्याला जे गिरिधर बहादुरांच्या बाबतीत घडले होते, ते तेथे मराठ्यांच्या वाट्याला आले. शत्रू ज्या दिशेने येणे शक्य नाही असे मानले, त्याच दिशेने तो आला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेब पडले. त्याच रणात आनंदरावांचे पुत्र, धारचे यशवंतराव पवारही पडले. एका घाटात एकत्र चढलेल्या दोन घराण्यांचा पुढील पिढीतील हा शेवट.

आज मांडूला जाणारा मराठी प्रवासी जहाज महाल पाहतो, रूपमती मंडपात उभा राहून छायाचित्र काढतो आणि परततो. त्या कठड्यापाशी क्षणभर थांबून खालच्या रानाकडे पाहावे. त्या बाजूच्या एखाद्या चढणीवरून, एका आजारी तरुणाने, दुसऱ्याच्या माहितीवर विश्वास ठेवून, आपली सारी फौज वर आणली होती. तेथे कोणतीही खूण नाही. धार आणि देवासमध्ये आजही बोलली जाणारी मराठी हीच त्या वाटेची खूण आहे.